दोरीवरचं पोट

घोडेगावच्या शुक्रवारच्या बाजारात म्हैस घ्यायला आलेला शेतकरी काय करतो? दात बघतो, कास बघतो, चार पावलं चालवून बघतो. जनावर अजून किती वेतं देईल याचा मनाशी हिशेब घालतो आणि मगच भावाची बोलणी सुरू करतो. वाचकहो, आज तशाच नजरेनं एका कामकरी माणसाकडं बघायचं आहे. तो तुमच्या तालुक्याच्या गावी तंबू ठोकतो, नाहीतर बाजाराच्या आणि जत्रेच्या दिवशी ढोलकं बडवत येतो. तुमची करमणूक करतो आणि पुढच्या मुक्कामाला निघून जातो. सर्कशीतला झुलेवाला, सायकलवाला, जोकर. आणि त्यांचाच गरीब भाऊबंद म्हणावा असा दोरीवरून चालणारा डोंबारी, कसरती करणारा गोपाळ. त्याचं काम कसं असतं, अंगात किती वर्षं टिकतं आणि ते सुटलं की तो काय करतो, हे आपण सहसा विचारत नाही. तुमची करमणूक ही त्याची मजुरी असते, आणि त्या मजुरीची नोंद ना सातबाऱ्यावर असते, ना कुठल्या हजेरीपटावर.

आपल्या मुलखातला धंदा

सर्कस ही परक्या देशातून आलेली गोष्ट, असं बहुतेकांना वाटतं. ते अर्धंच खरं. १७६८ मध्ये लंडनला फिलिप ॲस्टली नावाच्या घोडेस्वारानं गोल रिंगणात घोड्यावरच्या कसरती दाखवायला सुरुवात केली, तिथून आजच्या सर्कशीचा उगम धरतात. घोडा गोलात पळाला की पाठीवर उभ्या असलेल्या स्वाराला आत झुकून तोल धरता येतो, हे त्यानं ओळखलं. सर्कशीचं रिंगण ४२ फुटांचं असतं ते घोड्याच्या पळण्याच्या मापानं ठरलेलं. खळ्यात मेढीभोवती बैलांची पात फिरवणाऱ्या शेतकऱ्याला यातलं काही वेगळं समजावून सांगायला नको.

आपल्याकडं हा खेळ उभा केला तो सांगलीकडच्या अंकलखोपच्या विष्णुपंत छत्रे यांनी. छत्रे घोडे शिकवण्यात वाकबगार आणि गाण्याचे शौकीन. मुंबईला चिआरिनी या इटालियन माणसाची सर्कस आली होती. ती बघून असा खेळ आपणही करू शकतो, या जिद्दीनं त्यांनी १८८० च्या सुमारास ‘ग्रेट इंडियन सर्कस’ काढली. माणसं इथली, घोडे इथले, मालक इथला. त्यांच्यामागून म्हैसाळच्या देवलांची, सांगलीच्या कार्लेकरांची अशा अनेक सर्कशी निघाल्या. पुण्याचे दामू धोत्रे (१९०२-१९७३) लहानपणी मामांच्या शेलार सर्कशीत शिरले, सायकलच्या कसरती शिकले, मग वाघ-सिंहांचे शिक्षक झाले आणि अमेरिकेतल्या रिंगलिंग ब्रदर्ससारख्या जगातल्या मोठ्या सर्कशीपर्यंत पोचले. 

छत्र्यांची सर्कस फिरत फिरत केरळात तलश्शेरीला गेली. तिथं कीलेरी कुन्हिकण्णन नावाचे कसरतीचे आणि कळरीचे गुरू होते. त्यांनी सर्कशीसाठी मुलं तयार करायचं काम अंगावर घेतलं आणि १९०१ मध्ये तिथं सर्कसची शाळा सुरू झाली. पुढं देशातल्या बहुतेक मोठ्या सर्कशींचे मालक आणि कलावंत त्याच मुलखातून आले. १९५१ मध्ये गुजरातेत बिलिमोऱ्याला सुरू झालेल्या जेमिनी सर्कशीचे एम. व्ही. शंकरन हे तिकडचेच. ते २०२३ मध्ये वारले. आणखी एक गोष्ट नोंद करण्यासारखी आहे. केरळ सरकार थकलेल्या सर्कस कलावंतांना पेन्शन देतं. धंदा आपल्या मातीत उगवला, पण त्याची शाळा तिकडं झाली आणि म्हातारपणाची सोयही तिकडंच झाली.

तंबूतला दिवस

तिकीट काढून दोन-अडीच तास खेळ बघणाऱ्याला तंबूतल्या माणसाचा दिवस दिसत नाही. सरावाची वेळ सकाळची, कारण उन्हं चढली की तंबूच्या छताखाली उभं राहवत नाही. दुपारी एक, चार आणि सात असे दिवसाला तीन खेळ ही बहुतेक सर्कशींची जुनी रीत. एका कलावंताकडं एकच काम नसतं. जी मुलगी झुल्यावर असते तीच पुढच्या खेळात सायकलवर असते, आणि मधल्या वेळात कपडे बदलायला तिला काही मिनिटंच मिळतात. झुल्याचा खेळ संपला की जाळी सोडायची, गुंडाळायची, रिंगण मोकळं करायचं. हे करणारेही बऱ्याचदा कलावंतच. तेवढ्या वेळात प्रेक्षकांना कंटाळा येऊ नये म्हणून जोकर सोडायचा. जोकर म्हणजे खेळ न येणारा माणूस, हा समज चुकीचा आहे. दोरीवरून पडल्याचं सोंग करायला दोरीवर उत्तम चालता यावं लागतं.

राहायला मागच्या बाजूला राहुट्यांची रांग, एक स्वयंपाकघर, पाण्याची टाकी. पगार आणि जेवण मालकाचं. मुक्काम हलवायचा दिवस सगळ्यात जड. रात्रीचा शेवटचा खेळ संपतो न संपतो तोच खुंट्या उपटायला सुरुवात होते. खांब, दोर, कापड, फळ्या, खुर्च्या, जनरेटर सगळं ट्रकात भरायचं, पुढच्या मैदानावर उतरवायचं आणि पुन्हा उभं करायचं. उसाची तोड संपवून अड्डा हलवणाऱ्या कुटुंबाचा जो पसारा, तोच इथं शंभर माणसांचा.

आणि पाऊस! तुम्ही पावसाची वाट बघता, सर्कशीतला माणूस त्याला भितो. मैदानात चिखल झाला की प्रेक्षक येत नाही. कापड भिजलं की त्याचं वजन वाढतं, वारा सुटला की तंबू शिडासारखा फुगतो. मग सगळ्यांनी रात्रभर दोरांपाशी उभं राहायचं, कुठला सैल करायचा, कुठला ताणायचा ते बघायचं. अवकाळीत काढून ठेवलेला कांदा झाकायला धावणाऱ्या माणसाला ही धावपळ समजेल. दिवाळीची आणि उन्हाळ्याची सुट्टी ही त्यांची सुगी. ती हुकली की वर्ष हुकलं.

मार्च २०२० मध्ये तर टाळेबंदी लागली आणि सगळंच थांबलं. पुण्याची रॅम्बो सर्कस तेव्हा नवी मुंबईत ऐरोलीला मुक्कामी होती. खेळ बंद, गावी जायचा रस्ता बंद, माणसं मैदानातच अडकली. लोकांनी दिलेल्या धान्यावर त्यांचे महिने निघाले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांनी खेळाचं चित्रण करून तो मोबाइलवर, संगणकावर तिकीट लावून दाखवला. हिकमती माणसं आहेत, पण शेताला जशी विहिरीची राखीव असते तशी राखीव त्यांच्यापाशी नव्हती, हे त्या काळात उघडं पडलं.

झुला, दोरी आणि अंगमेहनत

या कामात नुसतं धाडस नसतं, हिशेबही असतो. झुल्यावर दोघं असतात, एक उडणारा आणि एक झेलणारा. झेलणारा गुडघ्यांवर उलटा लोंबकळतो. झोका एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं जाऊन परत यायला किती वेळ घेणार, ते मुख्यतः दोरीच्या लांबीवर ठरतं. म्हणून दोघांचे झोके मापून बांधलेले असतात आणि दोघांचा ताल मनात मोजलेला असतो. उडणाऱ्यानं एक क्षण उशिरा हात सोडला तर झेलणारा परत निघालेला असतो. पकड बोटांची नसते. मनगटाला मनगट धरतात, म्हणजे एकाचा हात घसरला तरी दुसऱ्याचा टिकतो.

जाळी आहे म्हणजे भीती नाही, असंही समजू नका. जाळीत पाठीवर पडावं लागतं. हातावर किंवा मानेवर पडलं तर जाळीतसुद्धा हाड मोडतं. म्हणून नव्या मुलाला उडायच्या आधी पडायला शिकवतात.

डोंबाऱ्याच्या दोरीचं शास्त्र याहून साधं आणि तितकंच पक्कं. बांबूच्या दोन कैच्या, त्यांवरून ताणलेला दोर, दोन्ही टोकांना मजबूत खुंट्या. हातात लांब बांबू का असतो? पाटाच्या कठड्यावरून चालताना आपण आपोआप दोन्ही हात पसरतो, तेच कारण. लांब काठीची टोकं अंगापासून दूर असतात, त्यामुळं तोल एकदम जात नाही, हळू जातो, आणि सावरायला वेळ मिळतो. हे कुणी पुस्तकात वाचून केलेलं नाही. बापानं लेकराला शिकवलं, आईनं ढोलकं वाजवून ताल दिला.

आता वय बघा. शेतकरी साठाव्या वर्षीही बांधावर उभा राहून शेत बघतो. झुलेवाल्याचे खांदे, गुडघे आणि कंबर त्याच्या फार आधी तक्रार करू लागतात. मग तो झुल्यावरून उतरतो. कुणी रिंगमास्तर होतो, कुणी नव्यांना शिकवतो, कुणी जाळी बांधतो, कुणी फाटकावर तिकिटं फाडतो. सगळ्यांना अशी जागा मिळत नाही. उरलेले कुठं जातात? काही गावी परततात. पण लहानपणी बाहेर पडलेल्या माणसाला गावात जमीन नसते आणि अनेकदा शिक्षणही नसतं. ज्याला हवेत दोन कोलांट्या घेता येतात, त्याला शेवटी कुठंतरी पहारेकरी म्हणून उभं राहावं लागतं.

कायदा आला, माणूस मागं राहिला

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत सर्कस बदलली ती मुख्यतः दोन निर्णयांनी. केंद्र सरकारनं १४ ऑक्टोबर १९९८ ला अधिसूचना काढून अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांचे खेळ बंद केले. सर्कसवाले न्यायालयात गेले, पण १ मे २००१ ला सर्वोच्च न्यायालयानं ही बंदी कायम ठेवली. पुढं हत्तींवरही निर्बंध आले. दुसरा निर्णय १८ एप्रिल २०११ चा. बचपन बचाओ आंदोलनाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं सर्कशीत लहान मुलांना कामाला ठेवायला मनाई करण्याचा आणि आत अडकलेल्या मुलांना सोडवून त्यांचं पुनर्वसन करण्याचा आदेश दिला. नेपाळातून आणि गरीब भागांतून दलालांमार्फत मुलं आणली जात, कराराच्या नावाखाली अडकवली जात, अशा तक्रारी तेव्हा पुढं आल्या होत्या.

दोन्ही निर्णय योग्यच होते. पिंजऱ्यात चाबकाखाली कुढणारा सिंह आणि शाळेऐवजी झुल्यावर टांगलेलं पोर, यांची बाजू कुणीही शहाणा माणूस घेणार नाही. पण जनावरांसाठी केंद्रं उभी राहिली, मुलांसाठी आदेश झाले, आणि तंबूतल्या मोठ्या माणसाचा विचार मागं पडला. प्रेक्षक वाघ-सिंह बघायला येत होता, तो कमी झाला. टीव्ही आणि मोबाइलनं उरलेला ओढला. काही सर्कशींनी आता यंत्रावर हलणारे हत्ती आणले आहेत.

कायद्यातली एक विसंगतीही बघून ठेवा. बालमजुरीच्या कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली. तिच्यात चौदा वर्षांखालच्या मुलाला काही अटींवर सिनेमात, मालिकेत, जाहिरातीत कलावंत म्हणून काम करायला मुभा आहे. सर्कस मात्र स्पष्ट शब्दांत वगळली आहे. म्हणजे टीव्हीच्या कार्यक्रमात कोलांट्या मारणारं पोर कौतुकाला पात्र, आणि माळावर तीच कोलांटी मारणारं पोर गुन्ह्याचा विषय. माळावरच्या पोराला शाळेत धाडलंच पाहिजे, यात वाद नाही. पण त्याच्या आईबापानं मग खायचं काय, हा प्रश्न टीव्हीवाल्या पोराच्या घरी नसतो. फरक तेवढाच आहे.

बैलाला मिळालं ते त्यांना का नाही?

शेतकरी बंधूंनो, हा कायदा तुमच्या दावणीपर्यंतही आला होता, आठवतं ना? ज्या यादीत वाघ-सिंह होते, त्याच यादीत ११ जुलै २०११ ला बैलाचं नाव घातलं गेलं. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं बैलगाडा शर्यती थांबल्या. मग काय झालं? शर्यतवाले रस्त्यावर आले, संघटना झाल्या, आमदार-खासदार बोलले. २०१७ मध्ये राज्यानं कायद्यात दुरुस्ती केली, १६ डिसेंबर २०२१ ला अटींवर शर्यतींना परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं ती दुरुस्ती वैध ठरवली.

बैलाच्या मागं गाव उभं होतं. गावाला मतं असतात, ग्रामसभा असते, पुढारी असतो. दोरीवर चालणाऱ्याच्या मागं कुठलं गाव? तो आज घोडेगावला, उद्या सोनईला, परवा मढीच्या यात्रेत. मतदार यादीत नाव असलंच तर ते दुसऱ्याच कुठल्या जिल्ह्यात. ऊसतोड कामगारही असाच फिरस्ता, पण मुळा आणि ज्ञानेश्वर कारखान्यांना त्याची गरज आहे, त्यानं कोयता खाली ठेवला तर गाळप थांबतं. म्हणून त्याच्या नावानं निदान गोपीनाथ मुंडे कल्याण महामंडळ तरी झालं. झुलेवाल्यानं झुला सोडला तर कुणाचं काहीच अडत नाही.

कलावंत की भिकारी?

तंबूतला माणूस निदान पगारावर असतो. माळावरच्या खेळवाल्याची गोष्ट त्याहून बिकट. महाराष्ट्रात भीक मागण्याला आळा घालणारा १९५९ चा कायदा आहे. त्यातली भिकेची व्याख्या वाचा. सार्वजनिक जागी गाऊन, नाचून, भविष्य सांगून किंवा खेळ करून पैसे मागणंही त्या व्याख्येत बसतं. म्हणजे तंबूच्या आत तिकीट लावून दोरीवर चालला तो कलावंत, आणि बाहेर थाळी फिरवून चालला तो कायद्यानं भिकारी! दिल्ली उच्च न्यायालयानं ८ ऑगस्ट २०१८ ला दिल्लीपुरती या कायद्यातली अनेक कलमं रद्द केली. 

या लोकांच्या पाठीवर जुनं ओझंही आहे. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि अनेक फिरत्या जमातींवर जन्मानं गुन्हेगार असल्याचा शिक्का मारला. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला. कायदा गेला, संशय राहिला. गावात कोंबडी हरवली तरी आधी माळावरच्या पालाकडं बोट जातं. यादीत नाव असो वा नसो, पालात राहणारा प्रत्येक जण त्या संशयाचा धनी होतो. महाराष्ट्रात कोल्हाटी-डोंबारी आणि गोपाळ हे समाज भटक्या जमाती (ब) या गटात येतात. पाथर्डी तालुक्यातल्या मढीला गोपाळ समाजाच्या होळीचा मान आहे, हे आपल्या जिल्ह्यातल्या लोकांना सांगायला नको. यात्रेत मान आणि एरवी हाकलून देणं, ही रीत आपण बदलली पाहिजे.

गावपातळीवर काय करता येईल?

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक), ग्राम महसूल अधिकारी (पूर्वीचे तलाठी), मुख्याध्यापक आणि पोलीस पाटील यांनी पुढचे मुद्दे जवळ ठेवावेत. यासाठी मुंबईला जायची गरज नाही.

पहिलं, जागा आणि सुरक्षितता. सर्कस किंवा पाळणेवाले आले की परवानगीचा कागद बघताना बाहेर पडायच्या वाटाही बघा. ७ फेब्रुवारी १९८१ ला बेंगळूरूला व्हीनस सर्कशीच्या तंबूला आग लागली आणि ९० हून अधिक जीव गेले, त्यांत मुलंच जास्त होती. तंबूच्या वाटा रुंद आणि मोकळ्या हव्यात, पाण्याचा टँकर आणि वाळू जवळ हवी, वीज महावितरणच्या तात्पुरत्या जोडणीची हवी; तारेवर आकडा टाकलेला नको. आणि मुक्कामाच्या माणसांना पिण्याचं पाणी व शौचालय द्या. पाणी टंचाईचं असेल तर आधीच सांगा. ऐनवेळी तोडू नका.

दुसरं, शाळा. २००९ चा शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला लागू आहे. जन्मदाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला, हेही कारण चालत नाही. वर्षाच्या मधल्या महिन्यातही प्रवेश द्यावाच लागतो. ऊसतोडीच्या मुलांना आपण जसं सामावून घेतो, तसं पालातल्या मुलांनाही घ्यावं. मुक्काम आठ दिवसांचा असला तरी मुलाला वर्गात बसवा आणि जाताना हजेरीचा कागद हातात द्या. पुढच्या गावच्या गुरुजींना तो उपयोगी पडतो.

तिसरं, दोरीवर लहान मूल दिसलं तर. दगड मारू नका, ढोलकं हिसकावू नका. १०९८ हा मुलांच्या मदतीचा फुकट क्रमांक आहे, त्यावर कळवा. आईबापाशी बोला. मोठ्या माणसांनी खेळ करावा, आपण पैसे देऊ, पोर शाळेत जाऊ दे, हे गावानं एकमुखानं सांगितलं तर त्याचा परिणाम होतो.

चौथं, रेशन. एक देश एक रेशन कार्ड या सोयीमुळं पात्र कार्डधारकाला दुसऱ्या गावच्या, दुसऱ्या राज्याच्या दुकानातही अंगठा लावून धान्य मिळतं. दुकानदारानं ‘तुझं नाव इथं नाही’ म्हणून परत पाठवू नये. कार्डच नसेल तर तहसीलचा रस्ता दाखवावा.

पाचवं, विमा आणि नोंद. ई-श्रम ही असंघटित कामगारांची नोंद २६ ऑगस्ट २०२१ पासून सुरू आहे. १६ ते ५९ वयाच्या माणसाला ती फुकट करता येते. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत बँक खातं असलेल्या १८ ते ७० वयाच्या माणसाला वर्षाला २० रुपयांत २ लाखांचा अपघात विमा मिळतो. उंचावर काम करणाऱ्यानं अपघात कोणत्या अटींवर भरून मिळतो, ते बँकेत विचारून घ्यावं. तुमच्या गावच्या सेवा केंद्रात त्यांना तासभर बसवलंत तर अर्धी कामं तिथंच होतील.

सहावं, जातीचा दाखला. विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. ज्याचा आजा आयुष्यभर पालात राहिला, त्यानं तो कागद कुठून आणायचा? अशा वेळी गावपातळीवरचा चौकशी अहवाल, जुन्या शाळेतली नोंद, नातेवाइकाचा दाखला कामी येतो. अहवाल खरा आणि वेळेवर लिहा. तुमच्या एका पानावर एखाद्या मुलाचं वसतिगृह आणि शिष्यवृत्ती ठरते. धंदा बदलायचा असेल तर वसंतराव नाईक विमुक्त जाती व भटक्या जमाती विकास महामंडळाची कर्जयोजना आहे. तिलाही पहिला कागद हाच लागतो.

सातवं, म्हातारे कलावंत. राज्यात ज्येष्ठ साहित्यिक व कलावंतांना मानधन देण्याची योजना आहे, वयाची अट ५० वर्षांची. तिथं कलेचा पुरावा लागतो. म्हणून सर्कशीत किंवा फडावर काम केलेल्या माणसानं जुनी हँडबिलं, फोटो, पगाराच्या चिठ्ठ्या, वर्तमानपत्रातलं कात्रण जपून ठेवावं. अर्ज बसतो की नाही हे पंचायत समितीत विचारावं, आणि तिथल्या बाबूंनी ‘सर्कस ही काय कला आहे का’ असं म्हणून त्याला परत पाठवू नये. केरळनं ती कलाच मानली आहे.

शेवटचं थोडं

सर्कस आता पहिल्यासारखी राहणार नाही, आणि ती तशीच राहावी असा हट्टही नाही. काही तंबू टिकतील, काही उतरतील. डोंबाऱ्याची पुढची पिढी दोरीवर न चढता शिकून सावरून नोकरीला लागली तर त्यात आनंदच आहे. मुलाला शाळा, म्हाताऱ्याला मानधन आणि कामाच्या वयातल्या माणसाला विमा, एवढी तीन कामं झाली तर हा बदल माणसांना न मोडता होईल. नाहीतर तंबू उतरेल आणि माणसं रस्त्यावर येतील.

जत्रेच्या वर्गणीतून कुस्त्यांचा हगामा भरवता, तमाशा आणता, बैलगाड्यांना बक्षिसं लावता. त्यातून खेळवाल्याला ठरवून, मानानं, हातात पाकीट देऊन पैसे देता येतील. थाळीत टाकलेलं नाणं आणि पंचांच्या हातून मिळालेली बिदागी यांत रकमेपेक्षा मोठा फरक आहे. आणि येत्या ग्रामसभेत एक विषय जास्तीचा घ्या: आपल्या शिवारात, माळावर, बाजारतळावर सध्या कोण मुक्कामी आहे, त्यांच्यात शाळेच्या वयाची मुलं किती, आणि त्यांतली किती शाळेत बसतात. आकडा लहानच निघेल. लहान आकड्याचं काम लवकर उरकतं.